‘मामाकडून सप्रेम भेट’ लिहिलेला डबा

आई, आज माळ्यावरची भांडी उतरवली आणि तो डबा हाती आला. तोच, पितळी कडीचा, झाकणाला एका बाजूला पोचा आलेला. खाली अजून वाचता येतं, ‘मामाकडून सप्रेम भेट’ आणि त्यापुढे पोळीभाजीवाल्या मावशींचं माहेरचं नाव. तुम्ही गेलात त्याला आता वीस वर्षांहून जास्त झाली. डबा घासून पुसून ओट्यावर ठेवलाय आणि स्वयंपाक सोडून त्याच्याकडे बघत बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “डबा काय बोलतोय का तुझ्याशी? कुकर लाव आधी.” कुकर लावलाय, शिट्ट्या व्हायला वेळ आहे, तेवढ्यात लिहिते.

आपण परळची चाळ सोडून कोपरखैरण्यात आलो, तेव्हा तुम्ही नव्या स्वयंपाकघराचा पहिला नियम मला दारातच सांगितला होता. विकतची पोळी एस.टी. स्टँडवर खावी, नाहीतर दवाखान्यात. घरात येता कामा नये. सातारच्या माणसाचा शब्द, त्यात तुमचा, तेव्हा विषयच संपला. मी बेलापूरच्या ऑफिसात फायली लावायची, तुमचा मुलगा तळोज्याला केमिकल कंपनीत पाळ्या करायचा. दोघं घरी यायचो तेव्हा गरम पोळ्यांची चवड तुम्ही फडक्यात झाकून ठेवलेली असायची. मला स्वयंपाक येत नव्हता असं नाही, पण तुमच्यापुढे येत नव्हता. तुम्ही नुसत्या मागे उभ्या राहिलात तरी माझी पोळी नकाशासारखी व्हायची. तुम्ही तिला उलटून पालटून बघायचात, “चालेल” म्हणायचात, आणि ती स्वतःच्या ताटात घ्यायचात. त्या ‘चालेल’चं मला फार वाईट वाटायचं, हे आज सांगते.

मग त्या वर्षी तुमचा खांदा धरला. होळीला आत्या, तुमच्या नणंदबाई, जेवायला येणार, त्यांच्या घरची सगळी मंडळी येणार, आणि आत्या म्हणजे ताटातल्या मिठालाही नावं ठेवणारी बाई. तुम्ही मला म्हणालात, “या वर्षी पोळ्या तू कर. होतील तुझ्याच्यानं.” एवढा विश्वास तुम्ही त्याआधी कधी टाकला नव्हता. मी अर्धी रजा घेऊन आले. तुम्ही मुलाबरोबर वाशीला खांदा शेकायला गेलात आणि मी पुरण शिजवायला घेतलं. ते सैल झालं. आटवलं, तरी सैल. पहिली पोळी तव्यावर फुटली, दुसरी पोळपाटावरच फुटली, तिसरीला मी हात लावला नाही. घड्याळात चार वाजले होते. मी तुमच्या ओट्याशी उभी राहून रडले, मग तोंड धुतलं, आपला मोठा डबा पिशवीत घातला आणि तुम्ही दारात सांगितलेला पहिला नियम मोडायला बाहेर पडले.

मावशींचं केंद्र मागच्या सेक्टरात, त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्याला. त्या मूळच्या खाडीकडच्या गावातल्या. गाळ्याच्या दाराशी बाकडं, आत तीन तवे, आणि मावशी मधोमध पाटावर बसून लाटतायत. नियम एकच, डबा घरून आणायचा. त्या दिवशी रांगेत आपल्या आसपासच्या चार सोसायट्यांतल्या बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आपल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्यापुढेच. मी दिसल्यावर म्हणाल्या, “पाहुणे वाढले ना अचानक, म्हणून हं. बाकीच्या केल्यात घरी.” मी म्हटलं, “माझंही तसंच.” दोघींनाही ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशी मात्र कुणाला काही विचारायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, “ताई, किती मानसं हाईत घरान?” आणि माणसं ऐकून पोळ्या मोजायच्या.

मला वीस हव्या होत्या. आपल्या डब्यात बाराच मावल्या. कागदात बांधून नेल्या तर कागद दिसणार, तेलाचे डाग दिसणार. माझा चेहरा बघून मावशींनी फळीवरचा स्वतःचा डबा काढला, उरलेल्या आठ त्यात भरल्या. “ने ताई. मंग दे परत. चार दिसांनी दे, काय हरकत नाय.” मी आभार मानले आणि जवळजवळ पळत घरी आले. डब्याच्या तळाशी काय कोरलंय हे बघायचं मला सुचलंच नाही. आपल्या लोकांत भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात घेत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण घाईत माणूस नेमकं तेच विसरतो. आणि ते सैल पुरण टाकवेना, म्हणून त्यात दूध घालून उकळलं आणि खीर म्हणून वाढायला ठेवलं.

पंगत बसली. मी वाढतेय, तुम्ही उजवा हात गळ्यात बांधून भिंतीला टेकून बसला आहात, सगळ्यांकडे लक्ष. आत्यांनी पहिला घास घेतला, तुपाचं बोट चाटलं आणि मग त्यांची भुवई वर गेली. “वहिनी, बडीशेप लागते की हो पुरणात. तुमच्याकडे जायफळाशिवाय पुरण नाही. ही बडीशेप कुठनं आली?” मावशींच्या घरची चव सुंठ-बडीशेपेची, हे मला तेव्हा कळलं. हातातली तुपाची वाटी तशीच हातात राहिली. आणि तुम्ही, आई, ज्या बाईने सोसायटीच्या सेक्रेटरीला चार लोकांत “खोटं बोलू नका” म्हणून झापलं होतं, त्या तुम्ही शांतपणे म्हणालात, “मीच घालायला सांगितली. उन्हाळा तोंडावर आलाय, पित्ताला बरी. माझ्यासमोर लाटल्या तिनं सगळ्या.” मग माझ्याकडे न बघता म्हणालात, “वाढ गं त्यांना अजून एक.” आत्यांनी चार खाल्ल्या. खिरीचीही पद्धत विचारून घेतली.

मला वाटलं, सुटले. तुम्ही सगळं खरंच माझ्यावर सोपवलं होतं, तेव्हा चव बदललेली तुम्हाला चालली असेल, अशी मी माझी समजूत घातली. रात्रीची भांडी मी घासली आणि तुम्ही डाव्या हाताने पुसायला बसलात. तेव्हा तो डबा तुमच्या हातात आला. तुम्ही तो दिव्याकडे धरला. अक्षरांवरून अंगठा फिरवला. एकदा वाचलं, परत वाचलं. आपल्या घरात त्या नावाचं कुणी नव्हतं, ना माहेरचं ना सासरचं. तुम्ही डबा पुसलात आणि फळीवर, अगदी पुढे, येता-जाता मला दिसेल असा ठेवलात.

पुढचे चार दिवस मी काय भोगलं ते माझं मला माहीत. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही “मीठ दे” म्हणालात तरी मला त्यात दुसरं काही ऐकू यायचं. तुमच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “एवढं टेन्शन कसलं घेतेस? सरळ विचार ना आईला.” विचार म्हणे! मला एकच भीती होती, की जो विश्वास तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा टाकलात तो मी गमावलाय, आणि आता या घरात माझी पोळी कायम ‘चालेल’च राहणार.

रविवारी सकाळी तुम्ही मला हाक मारलीत. डबा तुमच्यासमोर होता. “हा डबा ज्यांचा आहे त्यांचा त्यांना द्यायचा की नाही? किती दिवस झाले?” मी मान खाली घातली. “आज देते.” तुमचा आवाज चढला. “असा? रिकामा? दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, एवढं तरी तुझ्या आईनं शिकवलं असेल ना तुला?” आणि झाकण उघडून दाखवलंत. आत तुमचं लिंबाचं लोणचं, काठोकाठ. डाव्या हाताने लिंबं कशी चिरलीत तुम्हालाच ठाऊक. मला जी बोलणी खायची होती, ज्यांची चार दिवस वाट बघितली, ती एवढीच होती. पोळ्यांबद्दल एक शब्द नाही. मी “हो” म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुम्हाला ऐकू आलं असणार. कान तिखट होते तुमचे.

मावशींनी झाकण उघडलं, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मग एकदम म्हणाल्या, “आजीनं पाठवलान? म्हंजे घरान कललं? शिव्या पडल्या काय गो तुला?” मी म्हटलं, “पडल्या. डबा रिकामा देत होते म्हणून.” तेव्हा त्या लाटणं हातात घेऊनच हसत सुटल्या. दोन दिवसांनी तोच डबा सुकटीची चटणी घेऊन आपल्याकडे आला. मग तुमचे धपाटे गेले. मग त्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या आल्या, आणि तुम्ही एक भाकरी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिलात. “हातावर थापते गं ती, पाण्यावर. कड बघ, कुठे भेग नाही.” तुमच्या तोंडून दुसऱ्या बाईच्या हाताचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानंतर मला ऑफिसात उशीर झाला की तुम्हीच मागच्या सेक्टरात जायचात, बाकड्यावर बसायचात, आणि रांगेतल्या बायकांना मोठ्याने सांगायचात, “लाजायचं काय त्यात? सुना नोकऱ्या करतात आमच्या.” वरच्या वहिनींनी मला हे सांगितलं. तुमचा दारातला नियम कधी मोडला, कुणी मोडला, यावर आपण दोघी शेवटपर्यंत मूग गिळून बसलो.

पुढच्या होळीला पोळ्या मावशींकडूनच आणल्या. आत्या परत आल्या. घास घेऊन म्हणाल्या, “आता कशी चव लागली! हे आपल्या घरचं पुरण. शिकली हो वहिनी तुमची सून.” खरंच जायफळाचा वास होता. मला वाटलं, मावशींनी सगळ्यांसाठीच पुरण बदललं असेल, गिऱ्हाईक देशावरचं जास्त म्हणून. तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, “हात बसलाय तिचा आता.” मी पदर खोचला आणि अजून वाढायला उठले. त्या दिवशी मी फार खूश होते, आई. खोट्या कौतुकाने एवढं खूश होऊ नये, पण होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, तेव्हा दुपारी दारात मावशी उभ्या होत्या. हातात तो डबा, त्यात पिठलं, दुसऱ्या भांड्यात भात. ओट्याशी मला धरून बसल्या आणि त्यांनी सांगितलं, जे तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत. “आजी दोन दुपार येऊन बसली होती माझ्याकडं, त्या दुसऱ्या होलीच्या आदी. पदराला जायफल बांधून. मना पुरान शिकवलान, बाजूला बसून, चाखून चाखून. बोलली, माझे सुनेची ऑर्डर येगली ठेव. बडीशेप घालू नको तिच्या पोलीत. ती दमून येते, तिला लाटाय लावू नको, पन माझ्या नंदंसमोर तिचं नाव झालं पायजे.” म्हणजे माझ्या पोळ्या तुम्हीच करत होतात, आई, तीन वर्षं, दुसऱ्याच्या हातांनी. आणि ‘हात बसलाय तिचा’ हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी पदर खोचून मिरवत होते! त्या दिवशी मी तुमच्यासाठी रडले त्यातलं निम्मं रडू याचं होतं.

जाताना मावशी म्हणाल्या, “सुतकातला डबा हाय, रिकामाच दे. चालतो.” आता त्याही नाहीत. गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे. मी अजूनही पोळ्या विकत आणते आणि कुणी विचारलं तर सरळ सांगते. माझं सगळं बरं चाललंय. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, उठायला हवं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घडी करून डब्यातच ठेवते.

एक मात्र कबूल करते. मावशी त्यानंतर पाच-सहा वर्षं तिथेच होत्या, मी दर आठवड्याला जायची, आणि तरी त्यांचा हा डबा मी परत केला नाही. त्यांनी मागितला नाही, मी विषय काढला नाही. रिकामा द्यायची त्यांनी मोकळीक दिली होती, पण तुम्ही दिली नव्हती. आणि भरून द्यावं असं तुमच्या हातचं घरात काही उरलं नव्हतं. लोणच्याची एक बरणी होती, आई. ती मी एकटीने संपवली.