बर्फाखालचा रंगनाथ

४ मे, ताडकळस
आजपासून इथल्या उन्हाळी शिबिराचा मी प्रशिक्षक. कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्याला परभणी जिल्ह्यात काम मिळावं आणि गावात चक्क लोखंडी गोलपोस्ट असावेत! मन हरखलं. रायभान आणि कासाबाई या वयस्कर जोडप्याच्या घरी खोली मिळाली. कासाबाईंनी गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि मला 'लेकरा' म्हणाल्या.

६ मे
गोलपोस्ट रायभान-कासाबाईंच्या एकुलत्या एका मुलानं, रंगनाथनं, रोवलेत. शेळ्यांमागे अनवाणी पळत तो खेळायला शिकला. डावखुरा. कोलकात्याच्या एका क्लबाकडून पगारी खेळाडू म्हणून काही हंगाम खेळला, मग फौजेत गेला. रायभान सांगत होते, सीमेवर लढाई पेटली तेव्हा त्याची रजा मंजूर होती. पण सोबत्यांना टाकून तो आला नाही. तोफगोळ्यानं कडा कोसळला, तो बर्फाखाली गेला. प्रेत सापडलंच नाही.
कासाबाई मध्येच हसून म्हणाल्या, "मेला न्हाई वो सर. अडकून पडलाय. यायलाय हळूहळू."
मी मान हलवली.

११ मे
कासाबाईंनी रंगनाथचे खेळायचे बूट पुढे केले. नाही म्हणवेना, घातले. सरावात फ्री किक दाखवताना मी डाव्या पायानं मारली, चेंडू भिंगरीसारखा वळून कोपऱ्यात गेला. जन्मात मला डाव्या पायानं धड पास देता आलेला नाही. बांधावर बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. टाळी कुणीच वाजवली नाही.

१५ मे
बूट परत दिले. उपयोग नाही. बाहेर डांबर पाघळतंय आणि माझा डावा पाय गार, बोटं बधिर. डॉक्टरांनी पाय बघून विचारलं, बर्फाच्या मुलखात कधी गेला होता? मी म्हटलं, कधीच नाही. ते पुन्हा पुन्हा पाय बघत राहिले.

१८ मे
सकाळीच बॅग भरून एसटी स्टँडकडे निघालो. पाय मैदानाकडे वळला. शपथेवर लिहितो, मी वळवला नाही.
रायभान मागून धावत आले. "सर, पळा तुमी. ही लय वाईट आस लावून बसलीय. इथं थांबू नका." मी म्हटलं, पळताच येत नाही. ते खाली बसले, माझा पाय हातात घेतला. बराच वेळ घोट्यावरून बोटं फिरवली. मग वर बघितलं ते वेगळ्याच डोळ्यांनी.
"रंगनाथा," म्हणाले.
त्यांनीच मला घरी आणलं.

२१ मे
बोटं काळी पडली. दोघं आळीपाळीनं शेकतात. कोल्हापूरला आईला फोन लावला. ती विचारत राहिली, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. तिनं घाबरून फोन ठेवला.

२२ मे
दुपार. पत्रे तापून कडकडतायत. माझे दात वाजतायत. छातीवर ओझं — कासाबाई ओवाळतायत, रडतायत, आला म्हणतायत —
तो आलेला नाही. सांगायचंय त्यांना. जीभ वळत नाही. तो अजून तिथंच आहे, बर्फाखाली, जिवंत, एकटा. मला घट्ट धरलंय त्यानं. तोही भ्यालाय —

पांढरं. डोळे उघडे की मिटलेले, कळत नाही

वर फावडी वाजतायत. माणसं आहेत. आम्ही ओरडतोय, दोघंही
फावडी लांब चालली —
अहो इकडे, खाली, इक