खाली दाब

४ नोव्हेंबर
आदिलाबादला पोचले! नांदेडहून शेंगा सोलत, कापसाने पांढरी झालेली शेतं बघत आले. गुडीहत्नूरच्या रस्त्यावरच्या जिनिंग मिलमध्ये सॉफ्टवेअर बसवायचंय: कोणत्या दिवशी किती कापूस, कोणत्या मशीनवर, किती गाठी. आजवर हे सगळं उद्धवराव मिस्त्रींच्या डोक्यात होतं. त्यांचा मुलगा वैभव कापूस दाबून गाठी करणारा प्रेस चालवतो. त्याने मिल फिरवून दाखवली, वर चहाही पाजला. लाघवी पोरगा आहे.

६ नोव्हेंबर
इथे एक गंमत आहे. सकाळी पहिली गाठ बांधण्याआधी मिस्त्री प्रेस एकदा रिकामाच दाबतात. 'खाली दाब' म्हणे. सगळे बाहेर थांबतात आणि मिस्त्री त्या लोखंडाला सांगतात, आज काही नाही. रोज दहा मिनिटं पाण्यात! हे काढून टाकू म्हटलं, तर मिस्त्रींनी हात जोडले. बरं, राहू दे. आपल्या बापाचं काय जातं!

७ नोव्हेंबर
सॉफ्टवेअर अडून बसलं. खाली दाबाची ऑर्डर टाकली, तर कच्चा माल शून्य चालत नाही म्हणतं. वैतागून मालाच्या रकान्यात 'इतर' आणि नग 'एक' टाकला. लगेच घेतलं. आता ती ऑर्डर रोज आपोआप निघेल. सुटले एकदाची.

१० नोव्हेंबर
नियोजन आजपासून सुरू. मालक खूश. पण खाली दाबापुढे आलंय: पूर्ण, नग एक मिळाला. काही घातलंच नव्हतं! 'इतर' पुसून तिथे 'कुत्रा' झालंय. मिलचं कुत्रं सकाळपासून दिसलेलं नाही. वैभवचाच चावटपणा म्हणून त्याला झापलं. तो आईची शपथ घेऊन नाही म्हणाला.

११ नोव्हेंबर
उद्याच्या खाली दाबात 'मारोती'. गाठी उचलणारा हमाल. आज सुट्टीवर आहे. नाव पुसलं. परत आलं.

१२ नोव्हेंबर
मारोती गेला. सकाळी घरात चहा पीत होता, म्हणे. बायको साखर आणायला वळली, तेवढ्यात नाहीसा. त्याच वेळी इथे प्रेस मिटला होता. उघडला तर आत त्याचा गमछा. रक्ताचा थेंब नाही. मला भीती वाटतेय. मिस्त्रींना सगळं सांगितलं, त्या 'एक'चंही. ते म्हणाले:

"आमी त्याले रोज नाई म्हणून राह्यलो होतो, मॅडम. तुमी काऊन हो म्हटलं?"

दुपारी
उद्या वैभव.

शून्य घेत नाही. ऑर्डर पुसते, परत येते. प्रेसची वीज तोडली, सॉफ्टवेअर काढून टाकलं — पडद्यावर ऑर्डर तशीच. नाव बदललं तरच घेतं. मिस्त्री म्हणतात माझं टाका. त्यांचं कसं टाकू? चूक माझी —

१३ नोव्हेंबर, नांदेडच्या गाडीत
माझं टाकलं. एका फटक्यात घेतलं.

मारोतीचं घर जवळ होतं. नांदेड लांब आहे. लांब आहे.

वैभवचा फोन. तो ठीक आहे. रडतोय. मिस्त्री प्रेसपुढे नाही, नाही म्हणतायत. वीज नाही, तरी प्रेस खाली येतोय —

डब्यात सरकीचा वास.

समोरची बाई विचारतेय, एवढी अंग चोरून काऊन बसली. बाकावर मी एकटीच आहे. जागा भरपूर आहे. पण कोपर हलवता येत ना—