चिठ्ठीवरचं बत्तीस

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेली पँट पोचली. चपखल बसते. बोटांची सूज मात्र हटत नाही. काल घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून तीनदा निसटली. मालकांनी सध्या मला नुसते पट्टे बदलायला बसवलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताच्या तपासणीतही सूज दिसते, कंबर वाढलीय का? मी छाती फुगवून सांगितलं, नऊ वर्षं बत्तीसच! पोट सुटल्यासारखं वाटतं खरं, पण पँटच्या आत टाचलेली ताईची मापाची चिठ्ठी कशाला खोटं बोलेल? त्यांनी तसंच लिहून घेतलं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ११ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मशीन थांबवलं. बाळा, चिठ्ठी खोटी आहे. आई गेली त्या वर्षी तू हसणं सोडलंस आणि खात सुटलास. मापाला पाठवलेल्या जुन्या पँटच्या ताणलेल्या शिवणी मला सगळं सांगायच्या. मी कंबर एक बोट वाढवली आणि आत जुनंच माप टाचलं. म्हटलं, आधीच दुखावलाय, त्यात हे कशाला? मग दरवर्षी एक बोट.

वाचनालयातून पुस्तक आणून दोनदा वाचलं. पोटावरची चरबी मुकाट पडून राहत नाही रे. तिच्यातून संप्रेरकं रक्तात जातात. लेप्टिन चरबीबरोबर वाढतं आणि सूज भडकवतं. अ‍ॅडिपोनेक्टिन ती शमवतं, पण चरबी वाढली की नेमकं तेच घटतं. मग राखेखाली निखारे धुमसावेत तशी सूज अंगात वर्षानुवर्षं राहते. तुझ्या बोटांना हेच भोवलं की आणखी काही, ते डॉक्टरीणबाई सांगतील. त्यांना खरं माप तर मिळू दे. अडतीस आहे.

रागावलास तरी दोन ओळी टाक.

तुझी,
ताई

ता. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस रागावलो. मग आठवलं, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून मीही मरायला टेकलेल्या घड्याळाला ठणठणीत म्हटलंय.

डॉक्टरीणबाईंनी बत्तीस खोडून अडतीस लिहिलं. सांध्यांचा आजार निघालाय, औषध आहेच. पण चरबी त्या आगीत तेल ओततेय, असं त्याही म्हणाल्या. बोटं पूर्वीसारखी होतील का, विचारलं, तर त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. मी दुकानात चालत जायला लागलोय.

पुढची पँट अडतीसचीच शीव, एक बोटही जास्त नको. चिठ्ठी मोठ्या अक्षरात टाच, रोज घालताना दिसली पाहिजे.

लोभाला मात्र माप लावू नकोस.

तुझा,
धाकटा