हात आत आहे

३ नोव्हेंबर

आलो, सामान टाकलं आणि सगळ्यात आधी झकास झोप काढली. खोली लहान आहे, पण पलंग कुरकुरत नाही, नळाला पाणी आहे आणि खिडकीतून समोरच प्रयोगशाळा दिसते. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस नोकरीला लागला की लोक त्याला वेडा म्हणतात. म्हणोत बापडे. वर्कशॉप पुतण्याच्या हाती दिलंय. तो माझ्यापेक्षा बरं चालवतो, आणि हे मी त्याला कधीही सांगणार नाही. सातवीनंतर मी शाळा पाहिली नाही, कॉम्प्रेसर पाहिले. पंख्याचं बेअरिंग जाणार हे पंख्याच्या आधी माझ्या कानांना कळतं. इथल्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांना यंत्रं राखायला असाच माणूस हवा होता.

खरं कारण वेगळं. दादा इथे आहे. म्हणजे दादा जाऊन वर्ष झालं, पण जायच्या आधी त्याने दंडाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा इथे दिला होता. मीही दिला, त्याच्या शेजारी बसून. एक भाऊ आजारी, एक धडधाकट, तुलनेला बरे. त्याचा नंबर एक्केचाळीस, माझा बेचाळीस. माझ्यात त्याचा आजार दडलाय का, हे त्यांनी शोधलं असलं तरी मला सांगायचं नाही, असं मीच लिहून दिलंय.

निघताना वहिनीने बजावलं, तुमचे दादा भेटले की सांगा, नातीला दोन दात आलेत.

५ नोव्हेंबर

पेशी पाळणाऱ्या मुलीची ओळख झाली. बशीतल्या पेशींना ती बाळं म्हणते, एक दिवसाआड त्यांना गुलाबी पाणी पाजते, म्हणून मी तिला दाई म्हणतो. तिला आवडलं. ती मला काका म्हणते. तिने समजावलं ते मला असं कळलं: कातडीच्या पेशीला पुन्हा पहिलीत नेऊन बसवायचं, आणि मग कातडीऐवजी मज्जापेशीच्या शाळेत घालायचं. दादाच्या हातापायांना हुकूम सोडणाऱ्या पेशी जिवंतपणी काढता आल्या नसत्या. आता त्या बशीत वाढतात, तिथेच आजारी पडतात, आणि या मंडळींना तो आजार पहिल्या दिवसापासून बघता येतो.

या बश्या गरम खोलीत असतात. गरम खोली म्हणजे उलटं कोल्ड स्टोरेज. कायम सदतीस अंश, वीतभर जाडीच्या भिंती, आत बोंब मारली तरी बाहेर ऐकू येणार नाही. दाराच्या काचेला बाहेरून चांदीचा कागद, कारण बाळांना उजेड सोसत नाही. मोबाईल बाहेर ठेवून जायचं. दार आतून उघडायला अंगठ्याने दाबायचं बटण आहे. त्याची स्प्रिंग सैल होती, कोपर लागलं तरी दार उघडून तापमान उतरायचं. मी माझ्याकडची कडक स्प्रिंग बसवली. दाईला दोन्ही अंगठे लावावे लागले. काका, दार आहे की तुरुंग, म्हणाली. मी एका अंगठ्यात उघडून दाखवलं.

१२ नोव्हेंबर

बशीच्या तळाला केसाहून बारीक तारा असतात. पेशी एकमेकींशी बोलल्या की तारेत टिचकी उमटते आणि पडद्यावर रेघ उडते. रेघ बघून मला काय कळणार डोंबल? मी बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक जुना स्पीकर जोडून दिला. आता टिचक्या ऐकू येतात, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारख्या. मोठ्या बाई आधी कपाळाला आठ्या घालून उभ्या राहिल्या, मग खुर्ची ओढून बसल्याच. इतकी वर्षं आपण मुकं चित्र बघत होतो, म्हणाल्या.

एक्केचाळीसला नातीच्या दातांचं सांगितलं. दाई हसली. मीही हसलो.

१९ नोव्हेंबर

आज एक्केचाळीसमधून तीन टिचक्या आल्या. थांबल्या. मग दोन. पुन्हा तीन, दोन. दुपारभर.

वर्कशॉपात आम्ही दोघंच असताना एक जण यंत्रात शिरायचा, दुसरा मेनस्विचपाशी. त्या गोंगाटात हाक ऐकू यायची नाही, म्हणून पान्याने पाइपवर ठोकायचं. तीन आणि दोन म्हणजे हात आत आहे, बटण दाबू नकोस. हे आम्हा दोघांखेरीज जगात कुणाला माहीत नाही.

२४ नोव्हेंबर

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चहा मागवला, म्हणजे माझी कीव आली असावी. म्हणाल्या, झुपक्याझुपक्याने टिचक्या देणं हा अशा पेशींचा स्वभावच आहे. त्या पेशी आहेत मिस्तरी, तुमचे दादा नाहीत. वर सगळ्यांना तो ठेका आवडायला लागलाय. दाई त्यावर मान डोलावते, वॉचमन जाता जाता विचारतो, काय, दादा रियाजाला बसले का.

संध्याकाळी वहिनीला फोन केला. तिने सहज सांगितलं, शेवटी वाचा गेली तरी ते टाचेने पलंग वाजवायचेच की, तीनदा, मग दोनदा. तुम्ही उठून पाणी पाजायचात.

पाणी पाजायचो. आठ महिने. तहान समजलो, आमची खूण ओळखलीच नाही.

१ डिसेंबर

आज बेचाळीसही तेच वाजवू लागला. माझा. दोन्ही बश्यांच्या पेट्या वेगळ्या, तारा वेगळ्या. मी स्वतः सगळी वायर तपासली. कुठेही जोड नाही.

गॅसचा पाइप गरम खोलीतून बाहेरच्या भिंतीवर येतो. त्याची गळती बघायला मी आतून पान्याने ठोकत होतो, तर बाहेर दाईने स्पीकरचा आवाज कमी केला. तिला वाटलं, बाळंच दंगा करतायत. खूप हसली. मी हसलो नाही. पाना दोनदा हातातून निसटला होता.

४ डिसेंबर

शर्टाचं वरचं बटण लागत नाही. उजवा अंगठा. थंडीने असेल.

दादाचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. कुलपात किल्ली फिरेना, तर मी त्याला चिडवलं होतं, म्हातारा झालास की रे.

६ डिसेंबर

मोठ्या बाईंकडे घरी जायचं काढलं. म्हणाल्या, बदली माणूस मिळेपर्यंत थांबा. त्यांनी अडवलं नसतं तरी गेलो असतो का? जाणार म्हणजे दादाला या बशीत ठेवून जाणार. आणि स्वतःलाही.

त्यांना विचारलं, बेचाळीसमध्ये काय निघालं? त्या माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्हीच नको म्हणाला होतात.

कळलं.

८ डिसेंबर

तीन, दोन. जेवताना माझी टाच टेबलाच्या पायावर — मी वाजवत नव्हतो.

उद्या एक्केचाळीस बाहेर काढतो. ब्लीचच्या बादलीत. मी आत अडकलोय, तो इतके दिवस तेच सांगतोय, आणि मी पुन्हा पाणीच पाजतोय.

९ डिसेंबर, दुपार

गरम खोलीत आहे. खिशातल्या वहीत पेन्सिलने लिहितोय, डाव्या हाताने.

एक्केचाळीस उचलली. बादलीपर्यंत नेता आली नाही. अंगठा सुटला. बशी खाली — गुलाबी पाणी फरशीभर. माफ कर रे दादा.

आता दार. बटण दाबतोय. माझीच स्प्रिंग. डावा अंगठा, मग तळहात, मग पान्याचं टोक — टोक घसरतं. खांद्याने दार रेटलं. नाही.

दाईने आजचं पाजणं सकाळीच उरकलंय. म्हणजे परवापर्यंत दार कुणी —

थोड्या वेळाने

पाइपवर ठोकतोय. तीन, दोन. हात आत आहे. याहून दुसरी खूण येत नाही. वेडंवाकडं ठोकायला जातो तरी हात आपोआप तीन — दोन —

पाइपला कान लावला. दाईचा आवाज. मोठ्या बाईंना सांगतेय, एक्केचाळीस गप्प झाला, पण काकांचा बेचाळीस बघा आज कसा रंगात आलाय. काका कुठे आहेत? असायला हवे होते ऐकायला.

घाम. अक्षर पुसतंय.

पाना खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर, कान पाइपलाच. बघतोय हातांकडे. हलत नाहीत.

बाहेर वाजतंयच. तीन. दोन. मी नाही — ती बशी — मी इथे आहे, मी —

दादा, कळलं रे. तुला पाणी नको होतं —

ओरडतोय. भिंत जाड, पण माझं मला तरी ऐकू येतंय.

दाई म्हणतेय, पुरे बाई, डोकं उठलं. पावलं स्पीकरकडे चाललीत. आवाजाचं बटण फिरवतेय.

मी ओरडतोय, आणि माझाच आवाज कमी —

कमी हो