बादशहा, दार

आई, तुला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी अजून त्या एका शनिवारपाशी अडकलोय. इकडे परदेशात, पापाकुरातलं आमचं भाड्याचं लाकडी घर तुला आठवत असेल. हीटर एकट्या हॉलमध्ये, आणि कुणी दार उघडं टाकलं की दोन मिनिटांत सगळी ऊब निघून जायची. थंडीने तुझी छाती भरायची. मला मात्र लहानपणापासून दार लावायची सवयच नाही. मागून तू असायचीस.

शाळेत इतिहास शिकवून शिकवून तुला मुलाला रागवायलाही चीन लागायचा. तिथला शेवटचा सम्राट तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा गादीवर बसला, सहाव्या वर्षी राज्य गेलं, पण दिमतीला नोकर राहिले. चाळिशी उलटल्यावर तुरुंगात गेला तर स्वारीला बुटाची नाडी बांधता येईना. दार लावायचं तर सुचायचंच नाही, जन्मभर ते दुसऱ्यांनीच लावलेलं. म्हणून मी बादशहा. मी हसायचो आणि दार तूच लावायचीस.

त्या शनिवारी माझे मित्र जेवायला आले होते, सगळे पुण्या-मुंबईचेच. मी स्वयंपाकघरातून ताटं घेऊन येतो आणि तू खोकत खोकत म्हणतेस, "बादशहा, दार."

"काकू, हा कधीपासून बादशहा?" एकाने विचारलं. झालं, तुला वर्ग मिळाला. तू रंगून सांगत नाडीपर्यंत आलीस, तेव्हा दाराशी काढलेल्या माझ्या जॅन्डल्सकडे बोट दाखवून तो म्हणाला, "म्हणून हा बाराही महिने स्लिपर घालतो. नाडीची भानगडच नको." सगळे हसले, माझी बायकोसुद्धा.

मी म्हणालो, "आई, हा तुझा वर्ग नाहीये. आणि हे घर माझं आहे."

तू उठलीस, शाल सावरलीस, दार लावलंस आणि पोळ्या वाढायला घेतल्यास. त्यानंतर मला कधी बादशहा म्हणाली नाहीस. दारं मात्र लावत राहिलीस, न बोलता. सहा महिन्यांसाठी आलेली तू तिसऱ्याच महिन्यात परत निघालीस. "थंडी सोसत नाही रे," म्हणालीस आणि मी ते सोयीस्करपणे खरं मानलं. पुढे दोन वर्षं दर रविवारी फोनकार्ड खरवडून तुझ्याशी बोलायचो, तुझी औषधं, तिकडचं ऊन. माफी मागायची राहून गेली. राहून कसली गेली, मी मागितली नाही. त्याची लाज वाटते.

आणि गोष्ट त्या दिवशी अर्धीच राहिली. पुढचं तू घरी नेहमी चवीने सांगायचीस, की तो तुरुंगात एकेक काम शिकला आणि सुटल्यावर बागेत माळी झाला. "शिकला हो पठ्ठ्या, चाळिशीनंतर का होईना," म्हणताना तू माझ्याकडे बघायचीस. त्या शनिवारीही तू तिथेच येत होतीस. मला वाटलं, चारचौघांत माझं हसं करतेयस.

मागच्या महिन्यात मला चाळीस पूर्ण झाली. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, तरी एक कबूल करतो. लिहायला बसलो तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. तुझी नात शाळेतून आली, आता बारा वर्षांची आहे. "पप्पा, इट्स फ्रीझिंग," म्हणाली आणि दार लावून गेली. मी मान वर करूनही पाहिलं नाही.