उंधियूचा फोटो

१५ जानेवारी २०२६, वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस

आलाच तो फोटो! सकाळी फेसबुक उघडलं आणि समोर — 'तीन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी'. माझा उंधियू, मोठ्या पातेल्यात, वर खोबरं-कोथिंबीर. दर वर्षी न चुकता वर काढतात मेले. पुन्हा शेअर करा म्हणे!

त्याच दुपारी नाना न्हाणीघरात पडले. माझे सासरे. डोक्याला मार. सगळे गच्चीवर पतंगात, घरात त्यांच्यापाशी मी एकटी. तीनला पाच कमी असताना सलील पाणी प्यायला खाली आला, त्याने पाहिलं. "अर्धा तास आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले होते.

गच्चीगच्चीवर स्पीकर, भोंगे, 'काप्यो छे'चा गलका. मला काही ऐकू आलं नाही.

१६ जानेवारी

फेसबुक सोडते आहे. सलीलला सांगितलं, जाहिराती फार झाल्या, आपली सगळी माहिती विकतात. तो हसला. "तू? उंधियू झाकणाखाली असतानाच फोटो टाकणारी तू?" नवऱ्याला काय कळणार, डोंबल!

१८ जानेवारी

आशय आला होता छाणीहून. निरुपमावहिनींचा, माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा. त्याने बडोद्यातल्या मराठी लोकांसाठी स्वतःचा सर्व्हर चालवलाय. नाव 'कट्टा', सभासद एकतीस. "काकू, इथे कंपनी नाही, मालक नाही. प्रत्येक गावाचं आपलं छोटं घर, आणि या घरातून त्या घरात निरोप पाठवता येतो." मैथिली नागपूरच्या सर्व्हरवर आहे, तरी तिच्याशी बोलता येतं. शाळेपासूनची मैत्रीण, तीच मागे लागली होती.

जुन्या आठवणी वर काढत नाही ना, मी विचारलं. नाही म्हणाला. मग झालं.

"आईचंही खातं उघडलंय," जाता जाता म्हणाला. "लिहीत नाही काही. नुसती वाचते."

२० जानेवारी

कट्ट्यावर पहिली पोस्ट. मी शिकवते त्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो. तीन लाइक. त्यातला एक आशय. कसलं ओसाड!

२३ जानेवारी

हळदीकुंकू आटोपलं. वहिनी आल्या. आल्या त्या आधी न्हाणीघरात. वाकून फरशीवर तळवा ठेवला. ओली आहे का बघितलं, फडकं घेतलं, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं आणि मग येऊन बसल्या. कुणाच्याही घरी हेच करतात आता. तीन वर्षं. हाताला भेगा पडल्यात. आम्ही सगळ्या वाणाच्या वाट्यांकडे बघत बसलो.

नाना पडले त्या दिवशी न्हाणीघर धुऊन वहिनीच गच्चीवर गेल्या होत्या. तेराव्याला सलील सगळ्यांसमोर बोलून गेला, "वहिनींनी फरशी ओली सोडली नसती तर नाना आज असते." वहिनींनी मान खाली घातली ती घातलीच. आमच्याकडे उत्तरायणाला येत नाहीत त्यानंतर.

मी तेव्हा बोलू शकले असते. बोलले नाही.

२७ जानेवारी

आशयने फेसबुकवरचा माझा सगळा मजकूर उतरवून दिला. "काकू, आता खातं खुशाल बंद कर." फाइल उघडली. प्रत्येक कमेंटखाली वेळ आहे — मिनिटासकट!

दोन सोळा. 'ओवा घातलाय गं, म्हणून तो वास.' दोन एकवीस. दोन तीस. 'या की खायला!' दोन एकोणपन्नास.

नाना सव्वादोनला न्हाणीघरात गेले होते.



२९ जानेवारी

मैथिलीला सगळं लिहिलं. खाजगी निरोप, फक्त तिलाच. की पोस्ट घालून मी फोनला चिकटले होते. अर्धा तास उठलेच नाही. त्या गलक्यात काही ऐकू आलं नाही. की दोष माझा आहे आणि तो @निरुपमा वहिनींनी डोक्यावर घेतलाय, आणि मी घेऊ दिला. नावाआधी ते चिन्ह लावलं की नाव निळं होतं, तिनेच शिकवलंय. छान दिसतं.

पाठवून टाकलं. हलकं वाटतंय. खूप रडले.

३० जानेवारी

मैथिलीचं उत्तर: "मोहना, सांगितलंस ते बरंच केलंस. पण वहिनींनाही एकदम पाठवायचं धाडस कुठून आणलंस गं?"

काय??

३० जानेवारी, संध्याकाळ

आशयला फोन केला. मजकूर सांगितला नाही, वहिनींना निरोप कसा गेला एवढंच विचारलं. "अगं काकू, खाजगी निरोपात ज्याचं नाव त्या चिन्हासकट लिहिशील, त्यालाही तो जातो. पत्ताच असतो तो!" पुसता येईल का? "तुझ्याकडून पुसशील. पण आईने वाचलं असेल तर काय उपयोग? ती रोज सकाळी चहाबरोबर कट्टा उघडते."

सलीलला कळलं तर? आणि वहिनी? तीन वर्षं मी त्यांच्या भेगा बघत होते!

पुसला नाही. पुसायला बोट गेलं होतं, खोटं कशाला बोलू.

२ फेब्रुवारी

छाणीहून काही नाही. फोन नाही, निरोप नाही. वर्गात दोनदा एकच धडा शिकवला. मुलं हसली.

३ फेब्रुवारी

सलीलला सांगितलं. मीच. तो म्हणाला, "तेराव्याला मी जे बोललो ते बोलू दिलंस मला." बस, एवढंच. समोरच्या कोमलबेनने दारातूनच विचारलं, "शुं थयुं, मोहनाबेन? तब्येत बरी नाही?" सर्दी, म्हटलं.

काही झालं तरी मला ऐकू आलं नव्हतं. एवढं तरी खरं असू दे.

५ फेब्रुवारी

वहिनी आल्या. एकट्या. न्हाणीघराकडे गेल्या नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही. समोर बसून एकच विचारलं, "मोहना, नानांनी हाक मारली होती का?"

"हो," म्हटलं. "दोनदा. 'आले हं, नाना' म्हणाले होते मी."