शनीची फट आणि माझा बंब

थोरले, हा कागद तू जपून ठेवशील आणि कुठे ठेवलास ते विसरशील, म्हणून याच्या तीन प्रती केल्या आहेत. तिसरी कुठे आहे ते तुला सांगत नाही.

मी, खाली अंगठा उठवणारी, वय एक्याऐंशी, अक्षराशी ओळख नसलेली पण पूर्ण शुद्धीवर असलेली बाई, कोणाच्या भरीला न पडता माझी शेवटची इच्छा निवृत्त कारकुनांकडून लिहून घेत आहे. याआधी काही लिहून ठेवलेले नाही, लिहिणार कशी?

कलम एक. घराचा खालचा मजला माझ्या लेकीला, म्हणजे तुला. गच्ची आणि तिच्याखालची खोली माझ्या नातीला, धाकट्याच्या मुलीला. गच्चीवर कपडे वाळत घालायचे तर तिला विचारून.

कलम दोन. धाकट्याची चौदा इंची दुर्बीण. तो तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून ती चादरीखाली आहे. भावाची आठवण म्हणून तू ती बाहेरच्या खोलीत मांडू पाहतेस. मांडायची नाही. डोंगरावरच्या शाळेला द्यावी. तिथली हवा शांत असते. ज्या दुकानदाराने "जेवढी मोठी तेवढी चांगली" म्हणत ती धाकट्याच्या गळ्यात मारली, तो माझ्या अंत्ययात्रेला आलाच तर सगळ्यांच्या मागे चालवावा.

कलम तीन. अकरा वर्षं माझा मुलगा शनीच्या कड्यांमधली काळी फट टिपायला पहाटे गच्चीवर जात होता. फोटो दर वेळी थरथरलेला. विचारलं की म्हणायचा, "आई, हवाच चंचल आहे गं." तो गारठून खाली येणार, म्हणून मी त्याच्या आंघोळीच्या पाण्याचा बंब आधीच पेटवून ठेवायची. बंबाचं धुराडं गच्चीवर, दुर्बिणीपासून चार हातांवर.

गेल्या महिन्यात नातीने त्याची वही वाचून दाखवली. पानापानावर तेच: "बंब पेटला. फोटो गेला. आईला सांगायचं नाही."

"मग एवढी मोठी दुर्बीण कशाला घेतली त्याने?"

"बाबांना वाटलं, दुर्बिणीतल्या मोठ्या आरशाने भागेल. पण मोठा आरसा धुराड्याच्या गरम हवेची थरथरही जास्त पकडतो, आजी. अशा हवेत सहा इंची, लांब नळीची बरी."

"मग घे की."

"बाबाच नाहीत. कशाला?"

इथे कारकून म्हणाले, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही."

म्हटलं, "बसवा. न सांगितल्याने आमच्या घरात काय झालं, ते आत्ताच लिहिलंत ना?"

कलम चार. बँकेतली माझी सगळी ठेव नातीला, एका अटीवर. तिने सहा इंची दुर्बीण घ्यावी आणि जास्त खर्च खालच्या स्टँडवर करावा. लांब नळीखाली तो हलला की सगळंच हललं, असं तीच सांगते. फोटो नाही आला तरी चालेल, पण वर जावं. तिच्या बापाच्या पहाटा मी घालवल्या. तिच्या जाऊ नयेत.

बंब मी मोडीत दिला आहे. धुराडं बुजवून घेतलं आहे.

अंगठा: डाव्या हाताचा
साक्षीदार: शेजारचा चष्मेवाला, समोरच्या घरातली नर्स
स्थळ: माझी खाट
दिनांक: नऊ फेब्रुवारी

अंगठा उठवल्यावर सांगितलेले, तेही धरावे: नात पहाटे वर असेल तेव्हा, थोरले, गॅस पेटवायचा नाही, चहालासुद्धा नाही. तेलकट काही देऊ नकोस, बोटं काचेला लागतात. तुझा जीव कितीही तुटला तरी एवढंच पाठव: सोललेलं संत्रं, दोन केळी आणि कोरडा पाव.